टाळेबंदीत गिटार हातात कशी राहील? तारा, हवा, आवाज आणि तारीख

फ्रेटवाला | २४ एप्रिल २०२१, रात्री १०:१२

१४ एप्रिलच्या रात्रीपासून पुन्हा सगळं बंद. क्लास बंद, वाद्यांची दुकानं बंद, ऑनलाइन मागवायचं तर फक्त जीवनावश्यक वस्तू. गिटारच्या तारा त्या यादीत बसत नाहीत, हे सांगायला नकोच. गेल्या वर्षी मार्चअखेरीस हौसेने बाहेर निघालेल्या बऱ्याच गिटारी मे महिन्यात परत कपाटावर चढल्या. यंदाही लक्षणं तीच दिसतायत, म्हणून हा धागा.

"मूडच लागत नाही" असं सगळे म्हणतात. माझ्या मते मूडचा नंबर शेवटचा. त्याआधी बघावं की गिटार मुळात वाजवण्यासारखी आहे का, घरात ती वाजवता येते का, आणि अमुक तारखेला कुणीतरी आपलं वाजवणं ऐकणार आहे का. क्लासमध्ये या तिन्ही गोष्टी आपोआप मिळतात: सर खुंटी पिळून देतात, खोली असते, गुरुवारी धडा दाखवायचा असतो. क्लास बंद झाला की हे सगळं आपल्या गळ्यात येतं आणि आपण खापर फोडतो आळसावर.

सुरुवात वाद्यापासून करा. सहा इंची स्टीलची पट्टी घ्या (शाळेची प्लॅस्टिकची नको, तिचा शून्य कडेपासून आत असतो). बाराव्या फ्रेटवर (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या म्हणजे फ्रेट) उभी धरा आणि फ्रेटच्या माथ्यापासून तारेच्या खालच्या कडेपर्यंतचं अंतर मोजा. पोलादी तारांच्या साध्या अकूस्टिकवर जाड ई २.५ मिमी आणि बारीक ई २ मिमी असेल तर उत्तम. ३ पर्यंत चालतं. स्वस्त गिटारी सर्रास ४ मिमीवर येतात, आणि त्यावर तीन महिने घासूनही बार कॉर्ड (एकच बोट सगळ्या तारांवर आडवं दाबून धरायचा) स्वच्छ वाजत नाही. तिथे शिकणाऱ्याचा काय दोष? नायलॉनच्या तारांवर मात्र ४ आणि ३ मिमी हे नेहमीचंच अंतर आहे, घाबरू नका.

आपापल्या गिटारचं माप आणि अडचण लिहा. इथे जाणकार बरेच आहेत.

---

आळशी_अंगठा | २४ एप्रिल, रात्री १०:४०

जाड ई ३.५, बारीक ई ३. एफ कॉर्ड काही केल्या येत नाही, तिथेच गाडी अडते आणि गिटार खाली ठेवली जाते. दुरुस्तीवाल्याकडे जाता येत नाही. घरच्या घरी काही होईल का?

---

फ्रेटवाला | २४ एप्रिल, रात्री ११:०५

होईल. पण एफ का येत नाही ते आधी नक्की करू. तोच आकार पाचव्या फ्रेटवर धरा (तिथे तो ए होतो). पाचव्यावर स्वच्छ वाजतो आणि पहिल्यावर फटफटतो, असं असेल तर बोट ठीक आहे, नट (खुंट्यांजवळची, तारा ज्या खाचांतून जातात ती पट्टी) उंच आहे. खात्रीसाठी एकेक तार तिसऱ्या फ्रेटवर दाबा आणि पहिल्या फ्रेटवर किती फट उरते ते पाहा. कागद जेमतेम सरकावा. व्हिजिटिंग कार्ड आरामात जात असेल तर नटच्या खाचा उथळ आहेत. पहिल्या फ्रेटवर तार वाकवायला सगळ्यात जास्त जोर तिथेच लागतो.

खाचा घासायला खास कानशी लागतात. हेअरपिन किंवा ब्लेडने प्रयोग नको. खाच जास्त खोल गेली की मोकळी तार कायमची झणझणते. त्याऐवजी आजच करता येईल असं:

सगळ्या तारा अर्धा सूर खाली उतरवा. जाड तारेपासून डी शार्प, जी शार्प, सी शार्प, एफ शार्प, ए शार्प, डी शार्प. मग पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा) लावा. सूर पुन्हा मूळ ई-ए-डी-जी-बी-ई. आता नटचं काम कॅपो करतोय, उंच नट खेळाबाहेर. शिवाय अर्धा सूर उतरवल्याने ताण साधारण ११ टक्क्यांनी घटतो. एक पूर्ण सूर उतरवून कॅपो दुसऱ्या फ्रेटवर लावला तर वीस टक्क्यांच्या आसपास घटतो, पण हलक्या गेजच्या (कमी जाडीच्या) तारा तेवढ्या सैल झाल्या की फ्रेटवर आपटायला लागतात.

कॅपो नसेल तर एफच्या फक्त चार बारीक तारा धरा: डी तिसऱ्यावर, जी दुसऱ्यावर, बी आणि ई पहिल्यावर एकाच बोटाने. जाड दोन तारांना पिक (तार छेडायची चकती) लावू नका. ऐकणाऱ्याला फरक फारसा कळत नाही.

---

सहावी_तार | २५ एप्रिल, सकाळी ८:३०

फ्रेटवाला, सॅडलचंही सांगा की. नट कॅपोने सुटला, बाराव्या फ्रेटची उंची तशीच राहिली.

मीच लिहितो. तारा पूर्ण सैल करा, ब्रिजमध्ये (तारा जिथे अडकवतात तो लाकडी तुकडा) खोचलेल्या पिना काढा (निघत नसतील तर साउंडहोलमधून हात घालून आतून नाण्याने वर ढकला, बाहेरून पकडीने ओढू नका, पिनेची मान मोडते) आणि ब्रिजमधली पांढरी पट्टी, म्हणजे सॅडल, सरळ वर उपसा. चिकटवलेलं असेल तर तिथेच थांबा. साधी गोष्ट लक्षात ठेवायची: बाराव्या फ्रेटवर जितकं कमी करायचं त्याच्या दुप्पट सॅडलच्या खालून घासायचं. अर्धा मिमी उतरवायला एक मिमी. पेन्सिलने रेघ मारा, काचेच्या तुकड्यावर १२० नंबरचा पॉलिश पेपर खरखरीत बाजू वर ठेवून सपाट चिकटवा आणि सॅडल उभं, काटकोनात धरून एकाच दिशेने घासा. मागेपुढे घासलं की तळ गोल होतो आणि आवाज बसतो. शेवटचे चार हात २२० वर. वरची वक्र बाजू घासू नका, कारण उंचीचा सगळा हिशोब तिथे असतो.

एका दमात पूर्ण रेघेपर्यंत जाऊ नका. निम्मं घासा, तारा चढवा, मोजा. काढलेलं परत लावता येत नाही. आणि गिटारला पिकअप असेल तर सॅडलखाली पिएझोची (कंपनं पकडून अँपकडे पाठवणारी) पट्टी असते. तळ किंचितही वाकडा झाला तर एखादी तार अँपमधून मुकी होते, तेव्हा तिथे दुरुस्तीवाल्याची वाट पाहिलेली बरी.

---

कोमल_निषाद | २५ एप्रिल, सकाळी ११:१५

बारीक ई तुटली आहे, सुटी तार कुठेच नाही. पाच तारांवर वाजवत बसायचं का?

---

सहावी_तार | २५ एप्रिल, दुपारी १२:००

पाच तारांवर खुशाल वाजवा, बंद करू नका. पण आधी तार कुठे तुटली ते बघा.

ब्रिजकडच्या टोकाशी, पितळी मण्याजवळ तुटली असेल आणि खुंटीवर दोनापेक्षा जास्त वेढे असतील, तर तार वाचते. जुना मणी काढून घ्या, तार त्यातून ओवून परत स्वतःवर वळवा आणि बारीक पक्कडीने पाच-सहा घट्ट पीळ द्या. मग खुंटीवरचा जास्तीचा भाग सोडवून लांबी मिळवा. खुंटीवर किमान दोन वेढे उरायला हवेत. हे फक्त साध्या तारांना (बारीक ई आणि बी). गुंडाळी असलेल्या जाड तारांना पीळ दिला की गुंडाळी उसवते.

मधोमध तुटली असेल तर ती गेली. तेव्हा शोध शेजारीपाजारी. इलेक्ट्रिक गिटारच्या सेटमधल्या साध्या ई आणि बी तारा अकूस्टिकवर चालतात, पोलाद तेच. कुणाच्या घरी सतार असेल तर बाजाची (मुख्य वाजवायची) तार ०.३० मिमीच्या आसपास असते, तीही मणी लावून बारीक ई म्हणून चढते (१२ गेज म्हणजे ०.३०५ मिमी). मिरज-सांगलीकडच्यांना ही तार मिळायला अडचण नसावी. नायलॉनच्या क्लासिकल गिटारवर मात्र कुठल्याही परिस्थितीत पोलादी तार चढवू नका, ब्रिज उपटून येतो.

आणि तार त्याच जागी पुन्हा तुटत असेल तर दोष तारेचा नाही. सॅडलवर किंवा खुंटीच्या भोकात धारदार कड असते, ती पॉलिश पेपरच्या बारीक घडीने मोडा.

---

जांभा | २५ एप्रिल, दुपारी १:२०

तारा टिकवण्याबद्दल दोन शब्द, कारण दुकानं कधी उघडतील कोण जाणे. वाजवण्याआधी हात साबणाने धुवा आणि पूर्ण कोरडे करा. सॅनिटायझर लावून लगेच गिटार घेऊ नका. त्यातलं ग्लिसरीन तारांवर चिकट थर सोडतं, त्यात धूळ बसते. अल्कोहोलने फ्रेटबोर्डचं लाकूड कोरडं पडतं, आणि जुन्या गिटारवर शेलॅक (लाखेचं) पॉलिश असेल तर ते चक्क विरघळतं. बाहेरून आणलेल्या गिटारवर सॅनिटायझर फवारणारेही आहेत, त्यांना नमस्कार.

वाजवून झालं की जुन्या बनियनचा तुकडा प्रत्येक तारेच्या खालूनही ओढायचा. गंज खालून धरतो, जिथे बोटाचा घाम साठतो.

बोथट झालेल्या गुंडाळीच्या तारा उकळत्या पाण्यात दहा मिनिटं ठेवून, पूर्ण वाळवून परत चढवता येतात. मळ निघतो, आवाज थोडे दिवस उघडतो. वारंवार करू नका. काढणं-चढवणं यातच तार खुंटीपाशी मोडते.

---

वऱ्हाडी_पिक | २५ एप्रिल, दुपारी ४:०५

जांभाभाऊ कोकणातले, म्हणून गंज आठवला. आमच्याकडे नागपूर-अकोल्याला आता उलटी तऱ्हा आहे. एप्रिल-मेमध्ये हवेतली आर्द्रता दुपारी २० टक्क्यांच्याही खाली जाते आणि गिटारला हवी असते ४५ ते ५५. लाकूड आकसतं. फ्रेटबोर्डच्या कडेवरून हात फिरवला की फ्रेटची टोकं बोचतात, ही पहिली खूण. मग वरची फळी ब्रिजच्या पुढे किंचित खाली बसते, तारा खाली येऊन झणझणायला लागतात. त्यापुढची पायरी म्हणजे ब्रिज ते तळ अशी उभी चीर.

कूलर हा उपाय नाही, उलट गोंधळ आहे. दिवसभर कूलरच्या झोतात ७० टक्के, बंद केला की तासाभरात परत कोरडं. या ओढाताणीतच सांधे सुटतात. कूलरच्या खोलीत गिटार असू द्या, पण झोताच्या रेषेबाहेर आणि बॅगेत. बॅगेत भोकं पाडलेली प्लॅस्टिकची साबणदाणी ठेवा, आत ओला करून घट्ट पिळलेला स्पंज. पाणी ठिबकता कामा नये. जागा खुंट्यांच्या मागे, लाकडाला न चिकटता. मेमध्ये दर दोन दिवसांनी पाणी बदला, नाहीतर स्पंजला वास धरतो.

फ्रेटची टोकं बोचतात म्हणून लगेच कानस लावू नका. जुलैत लाकूड फुगतं आणि टोकं आत जातात.

---

जांभा | २५ एप्रिल, संध्याकाळी ६:३०

अगदी. आणि जूनपासून रत्नागिरी ते गोवा आमची पाळी. तेव्हा ८५-९० टक्के. फळी पोट काढते, ॲक्शन (फ्रेटपासून तारांची उंची) आपोआप अर्धा-पाऊण मिमी वर जाते आणि मंडळी म्हणतात "हात बसेना." त्यासाठी ५० ते १०० ग्रॅम सिलिका जेल, नारंगी रंगाचं, सुती पुरचुंडीत. रंग हिरवट झाला की ओव्हनमध्ये ११० ते १२० अंशांवर दीड-दोन तास, परत नारंगी. त्यापेक्षा गरम केलं तर रंगाचं द्रव्य जळतं. निळं जेल टाळा, त्यात कोबाल्ट असतं. भांडं स्वयंपाकातलं वापरू नका. कडक केसमध्ये हे चांगलं चालतं. कापडी बॅगेतून हवा खेळत राहते, तिथे चार-पाच दिवसांतच जेल भरतं.

हे जेल आत्ताच शोधून ठेवा. नव्या चपलांच्या, चष्म्याच्या खोक्यांतल्या पुड्या साठवल्या तरी निम्मं काम होतं.

---

तारसप्तक | २५ एप्रिल, रात्री ९:००

माफ करा, पण हे सगळं वाद्याच्या तब्येतीचं झालं. बॅगेत, केसमध्ये, पुरचुंडीत ठेवलेली गिटार कुणी वाजवत नाही! चेन उघडायची, पट्टा काढायचा, सूर लावायचा, यातच पाच मिनिटं आणि उत्साह दोन्ही जातात. गिटार स्टँडवर, येता-जाता हात लागेल अशी हवी. मुंबई-पुण्यात मे संपेपर्यंत ती बाहेर राहिली तर काही बिघडत नाही. थेट उन्हात आणि एसीच्या तोंडाशी नसली म्हणजे झालं. पावसाळ्यात जांभा म्हणतात तसं बॅगेत ठेवा, पण बॅग पलंगावर, चेन अर्धी उघडी.

दुसरं, ट्यूनर, कॅपो, पिक, पट्टी हे सगळं एका डब्यात स्टँडच्या पायाशी. पिक शोधण्यात गेलेल्या संध्याकाळी मोजायच्या नाहीत.

तिसरं, रोजचा किमान सराव दहा मिनिटांचा ठरवा, तासाचा नाही. तास ठरवला की घरून-कामाच्या दिवशी तो होत नाही, दोन दिवस चुकतात आणि तिसऱ्या दिवशी अपराधी वाटून गिटारकडे बघवत नाही. दहा मिनिटं ऑफिसच्या दोन कॉलच्या मध्ये बसतात. कालनिर्णयवर त्या तारखेला फुली मारा.

---

फ्रेटवाला | २५ एप्रिल, रात्री ९:४५

बाकी मान्य, दहा मिनिटांवर मतभेद. नुसती दहा मिनिटं म्हटलं की लोक येणारंच गाणं दहा मिनिटं वाजवतात. आहे तिथेच राहतात आणि दोन महिन्यांनी कंटाळतात. त्यात काय करायचं ते आदल्या दिवशी ठरलेलं हवं.

तीन-चार महिने शिकलेल्यासाठी दहा मिनिटं अशी: पहिलं मिनिट सूर लावायला. तार नेहमी खालून वर आणून थांबवा. वर गेली तर पुन्हा खाली उतरवून वर आणा, नाहीतर खुंटीतला ढिलेपणा दोन मिनिटांत सूर पाडतो. पंखा बंद करा, मोबाइलचा ट्यूनर पंख्याच्या आवाजात भरकटतो. पुढची तीन मिनिटं फक्त दोन कॉर्डमधला बदल. सी-जी, मग जी-डी, मग ए मायनर-एफ. प्रत्येक जोडीला एक मिनिट, घड्याळ लावून किती बदल झाले ते मोजायचं. अस्वच्छ वाजलेला बदल मोजायचा नाही. मिनिटाला ३० झाले की ती जोडी गाण्यात वापरण्याजोगी, ६० झाले की ती सोडून नवी. हा आकडा वहीत लिहा. मूड खोटं बोलतो, आकडा नाही. उरलेली सहा मिनिटं एका गाण्याच्या एकाच ओळीला, मेट्रोनोमवर (लयीचे ठोके देणारं यंत्र किंवा ॲप). तीन वेळा सलग बिनचूक गेलं तरच मिनिटाचे ठोके ४ ने वाढवा. चुकलं तर ८ ने खाली.

६० ठोक्यांवर कंटाळा येतो ही तक्रार खरी आहे. मग मेट्रोनोम ३० वर ठेवा आणि तो ठोका दुसऱ्या-चौथ्या मात्रेवर आहे असं समजून वाजवा. कंटाळायला सवड मिळत नाही.

---

कोमल_निषाद | २६ एप्रिल, सकाळी १०:१०

मेट्रोनोमऐवजी तबल्याचं ॲप लावा, आपल्या गाण्यांना ते जास्त जवळचं. आणि ठेका नुसता ऐकू नका, स्ट्रमिंगमध्ये (सगळ्या तारांवरून हात फिरवण्यात) उतरवा. केरवा: धा गे ना ती, न क धी ना. समेला जाड तार एकटी ठोका, बाकी मात्रांना बारीक चार तारांवर हलका हात. पाचव्या मात्रेवर, म्हणजे कालाला (खालीच्या जागी), जाड तारेला हातच लावू नका. तबल्यात तिथे डग्गा बंद असतो, गिटारवर तोच परिणाम येतो. दादऱ्यात तसंच: धा धी ना, धा ती ना; पहिल्या मात्रेला जाड तार, चौथीला नाही. खाली-खाली-वर-वर-खाली-वर हा एकच ठेका सगळीकडे लावणाऱ्यांची भावगीतं का पडतात ते यातून कळेल.

घरात गाणारं माणूस असेल तर त्यांना धरा. साथ करायची म्हटलं की सराव आपोआप होतो, कारण आई-आत्या थांबून देत नाहीत. त्या पट्टी सांगतात पेटीच्या भाषेत, गिटारवाले तिथे अडतात. बार कॉर्ड न येणाऱ्यांसाठी:

काळी एक: ए चे आकार, कॅपो चौथ्यावर.
काळी दोन: डी चे आकार, कॅपो पहिल्यावर.
पांढरी चार: डी चे आकार, कॅपो तिसऱ्यावर.
काळी तीन: डी चे आकार, कॅपो चौथ्यावर.
पांढरी पाच: जी चे आकार, कॅपो नको.
काळी चार: जी चे आकार, कॅपो पहिल्यावर.
काळी पाच: जी चे आकार, कॅपो तिसऱ्यावर.

डी म्हणजे डी-जी-ए, जी म्हणजे जी-सी-डी, ए म्हणजे ए-डी-ई. तीन कॉर्डवर निम्म्या आरत्या आणि बरीच भजनं निघतात. कॅपो फ्रेटच्या अगदी मागे, समांतर लावा; मधोमध लावला की तारा ताणल्या जाऊन सूर चढतो.

---

आळशी_अंगठा | २६ एप्रिल, दुपारी २:३०

कॅपोची युक्ती लागू पडली, एफ वाजतोय. आता नवीन अडचण. घरात दोन जण कॉलवर, एकाची ऑनलाइन शाळा, खालचे काका दुपारी झोपतात. वाजवायचं कधी?

---

तारसप्तक | २६ एप्रिल, दुपारी ३:१५

पुण्यात असाल तर १ ते ४ चा प्रश्नच मिटला, तेव्हा ब्रह्मदेवही वाजवत नाही :)

गंमत सोडा. रुमालाची दोन सेंटिमीटर रुंद घडी करून तारांच्या खाली, सॅडलला लागून सरकवा. आवाज निम्म्याहून कमी होतो, सूर कळतो, गुंजन राहत नाही. बोटांच्या आणि बदलांच्या सरावाला एवढं पुरे. किंबहुना चुका जास्त ऐकू येतात, कारण चुकीला झाकायला गुंजन नसतं. पिक ठेवून अंगठ्याच्या मांसल भागाने वाजवा. इलेक्ट्रिक असेल तर वायर न लावता, दार लोटून, कुणाला पत्ता लागत नाही. मनसोक्त स्ट्रमिंगसाठी दिवसातली एक ठरलेली वीस मिनिटं घरात आणि खाली सांगून ठेवा, संध्याकाळी सातची वगैरे. कधीही सुरू होणाऱ्या आवाजाचा लोकांना जास्त त्रास होतो.

डाव्या हाताचा सराव तर अजिबात आवाज न करता होतो. उजवा हात मांडीवर, डाव्याने नुसते आकार बदला.

---

सहावी_तार | २६ एप्रिल, संध्याकाळी ७:००

ऑनलाइन क्लास आणि मित्रांबरोबर वाजवणं याबद्दल, कारण तिथेही बरेच जण वैतागून सोडतात.

व्हिडिओ कॉलवर दोघांनी एकत्र वाजवणं जमत नाही, जमणारही नाही. हवेत आवाज मीटरमागे ३ मिलिसेकंद घेतो. तीस मिलिसेकंदांच्या पुढे उशीर गेला की ताल ओढला जातो, आणि कॉलवर सहज दीडशे होतात. ८० च्या लयीत एक मात्रा ७५० मिलिसेकंदांची, म्हणजे समोरचा एक पंचमांश मात्रा मागे. तुम्ही त्याच्यासाठी थांबता, तो तुमच्यासाठी, आणि गाणं झोपतं. क्लासमध्ये त्यामुळे सरांनी वाजवायचं, तुम्ही माइक बंद करून बरोबर वाजवायचं, मग उलट.

झूमवर तारेचा आवाज मधेच नाहीसा होतो, कारण ते लांबलेल्या सुराला गोंगाट समजून दाबतं. ऑडिओच्या सेटिंगमध्ये 'ओरिजिनल साउंड' चालू करा, आणि कॉल सुरू झाल्यावर वरच्या कोपऱ्यातलं बटणही दाबा. संगणकावर त्यातच संगीतासाठीचा हाय फिडेलिटी मोड आहे. हे चालू असताना इअरफोन हवेतच, नाहीतर आवाज घुमतो. मोबाइल आडवा, छातीच्या उंचीवर, मीटरभर लांब आणि किंचित खुंट्यांच्या बाजूला ठेवा. खिडकी पाठीमागे नको, बोटं काळी दिसतात.

मित्रांबरोबर करायचं तर साखळी पद्धत. एकाने मेट्रोनोम कानात घेऊन, आधी चार ठोके मोजून आणि एक टाळी देऊन गिटार रेकॉर्ड करायची. दुसऱ्याने ती ऐकत आपला भाग. बँडलॅबसारख्या फुकट ॲपवर टाळीला टाळी जुळवली की झालं. इअरफोन वायरचेच; ब्लूटूथचा उशीर सरळ रेकॉर्डिंगमध्ये उतरतो. व्हॉट्सॲपवर पाठवताना फाइल डॉक्युमेंट म्हणून जोडा, व्हॉइस नोटमध्ये गिटारचा जीव जातो.

---

वऱ्हाडी_पिक | २६ एप्रिल, रात्री ८:२०

एक सावधगिरी. टाळेबंदीत काही जण एकदम उलट करतात, महिनाभर काही नाही आणि मग रविवारी चार तास. बोटांचे घट्टे तेवढ्यात मऊ पडलेले असतात, फोड येतात, आठवडा वाया. सोफ्यात रेलून, मनगट काटकोनात दुमडून वाजवणं त्याहून वाईट. खुर्ची बिनहाताची, पाठ सरळ, गिटारची मान जमिनीला समांतर नको, थोडी वर. २५ मिनिटांनी पाच मिनिटं खाली ठेवायची. वेळ वाढवायचा तर आठवड्याला पाच-दहा मिनिटांनी. बोटाच्या टोकाचं दुखणं नेहमीचं आहे; मनगटात, कोपरात कळ किंवा करंगळीला मुंग्या येत असतील तर त्या दिवशी बंद, आणि दोन-तीन दिवसांत गेलं नाही तर डॉक्टरांना फोन.

---

फ्रेटवाला | २६ एप्रिल, रात्री ९:५०

आता तारखेचं. क्लासचा गुरुवार गेला, त्याच्या जागी दुसरं काहीतरी हवं. "रोज सराव करेन" ही तारीख नव्हे.

जवळची तारीख २१ जून, जागतिक संगीत दिन. बरोबर आठ आठवडे आहेत. एक गाणं, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, एका दमात रेकॉर्ड करून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकायचं, आणि टाकणार हे आजच तिथे जाहीर करायचं. पहिले दोन आठवडे फक्त कॉर्डचे बदल, पुढचे दोन मेट्रोनोमवर ओळ-ओळ, मग दोन आठवडे पूर्ण गाणं हळू (मूळ लयीच्या ७० टक्के), शेवटचे दोन मूळ लयीत. दर रविवारी एक मिनिट रेकॉर्ड करा, फाइलला तारखेचं नाव द्या आणि लगेच ऐकू नका. सोमवारी ऐका. वाजवल्या-वाजवल्या कान चुकाच शोधतो.

लांबची तारीख १० सप्टेंबर, गणेश चतुर्थी. घरच्या आरत्यांना साथ. वीसेक आठवडे हातात आहेत. झांजांमध्ये गिटार ऐकू येणार नाही हे गृहीत धरा, पण लय दर कडव्याला चढत जाते, तिच्या मागे राहणं हा अस्सल सराव आहे. ८० वर सुरू करून १३० पर्यंत जाता यायला हवं.

ज्यांना परीक्षेचा धाक लागतो त्यांच्यासाठी, लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या संगीताच्या ग्रेड परीक्षा गेल्या वर्षापासून व्हिडिओ पाठवूनही देता येतात. रेकॉर्डिंग अखंड हवं, मधे तोडजोड चालत नाही. १०० पैकी ६० ला पास, ७५ ला मेरिट, ८७ ला डिस्टिंक्शन.

---

आळशी_अंगठा | २७ एप्रिल, सकाळी ९:०५

२१ जून जाहीर केलं. एकच शंका. कॅपो लावून अर्धा सूर खाली ठेवली तर नव्या तारा मिळेपर्यंत तशीच राहू द्यायची का? मानेला काही होणार नाही ना?

---

सहावी_तार | २७ एप्रिल, सकाळी ९:४०

राहू द्या. ताण कमी झाल्याने मान किंचित सरळ होते, एवढंच. पहिल्या तीन-चार फ्रेटवर झणझण आली तर समजा की वाक कमी पडला: जाड तार पहिल्या आणि चौदाव्या फ्रेटवर दाबा, सहाव्या-सातव्यावर ०.२ मिमीच्या आसपास फट हवी. अजिबात नसेल तर ट्रस रॉड (मानेच्या आतली, तिचा वाक ठरवणारी सळई) घड्याळाच्या उलट दिशेने पाव फेऱ्यापेक्षा कमी, मग दोन तास थांबून पुन्हा मोजा. चावी नीट बसत नसेल तर फिरवू नका, सॉकेट गोल झालं की तो खर्च नव्या तारांच्या कितीतरी पट. वाजवून झाल्यावर कॅपो मात्र काढून ठेवा. सतत लावून ठेवला तर फ्रेटवर तारेची खाच पडू शकते.